उत्तर बरोबर, मार्क अर्धे: एफईचं वर्ष कुठे अडतं

बारावीचं वर्ष सीईटीच्या चार पर्यायांत जातं. गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं, चुकीला निगेटिव्ह मार्किंग नाही. उत्तर ‘ब’ आलं की काम संपलं. ते सोडवून आलं, पर्याय खोडत आलं की डोळे मिटून आलं, हे कुणी विचारत नाही. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षात, म्हणजे एफईला, नेमकी हीच सवय आडवी येते. इथे उत्तराला दोन मार्क असतात आणि उरलेले सगळे उत्तराच्या आधी जे कागदावर दिसतं त्याला: स्टेप, युनिट, ऑब्झर्व्हेशन टेबल, पेन्सिलची फिकट रेघ. ‘माझं उत्तर बरोबर आहे, तरी मार्क का कापले?’ हा एफईच्या कॉरिडॉरमधला सर्वांत जुना प्रश्न आहे.

इथलं वर्णन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संलग्न कॉलेजांतलं आहे. मुंबई किंवा शिवाजी विद्यापीठात विषयांची नावं आणि मार्कांची विभागणी वेगळी असेल, पण चुका त्याच होतात.

पहिली अडचण अभ्यासाची नसते, कॅलेंडरची असते. कॅपचे, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचे, राउंड लांबतात. पहिल्या राउंडला आलेली मुलं वर्गात बसू लागतात आणि शेवटच्या राउंडची मुलं येतात तेव्हा गणिताचं पहिलं युनिट निम्मं झालेलं असतं. उशिरा आलेल्याने पहिल्याच दिवशी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: आपली बॅच कोणती, आतापर्यंत कोणते प्रॅक्टिकल झाले आणि ते भरून काढायला रिपीट टर्न कधी आहे. झालेली लेक्चरं नोट्सवरून वाचता येतात. हुकलेलं प्रॅक्टिकल मात्र नोट्सवरून करता येत नाही, आणि टर्मवर्कच्या, म्हणजे सेमभराच्या कामाला मार्क देण्याच्या, वेळी जर्नलातलं ते एक कोरं पान मान खाली घालायला लावतं.

याच काळात महाडीबीटीचा, म्हणजे सरकारी शिष्यवृत्त्यांच्या पोर्टलवरचा, फॉर्म भरायचा असतो. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता वगैरे योजनांना कुटुंबाच्या ८ लाखांच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे. फॉर्म अडतो तो दोन ठिकाणी. उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला असतो, किंवा पैसे अनोळखी खात्यात जातात. दुसऱ्याचं कारण असं, की रक्कम तुम्ही फॉर्ममध्ये लिहिलेल्या खात्यात जात नाही, आधारशी शेवटचं जे खातं जोडलेलं असेल त्यात जाते. गावाकडच्या बँकेतलं दहावीत उघडलेलं, आता बंद पडलेलं खातं जोडलेलं असेल तर आधी ते बदलून घ्या. शिवाय फॉर्म दर वर्षी नव्याने रिन्यू करावा लागतो, हे दुसऱ्या वर्षी हमखास विसरलं जातं.

आता ग्राफिक्स, म्हणजे इंजिनिअरिंग ड्रॉइंग. मुलं या विषयाला सर्वांत जास्त घाबरतात, आणि तेही चुकीच्या कारणासाठी. ‘माझी चित्रकला वाईट आहे’ असं म्हणतात. चित्रकलेचा इथे काडीचा संबंध नाही. हा मोजमापाचा विषय आहे.

सामानापासून सुरुवात करू. मिनी ड्राफ्टर म्हणजे एकाला एक जोडलेले दोन समांतरभुज चौकोन. म्हणूनच तो बोर्डवर कुठेही सरकवला तरी पट्ट्यांची दिशा बदलत नाही. पण सांध्याचे स्क्रू ढिले असतील तर चौकोन हलतो, आणि डाव्या टोकाला अगदी आडवी आलेली रेघ उजव्या टोकाला एक-दीड मिमी तिरकी होते. विकत घेताना, विशेषतः सीनिअरकडून सेकंडहँड घेताना, ही परीक्षा करा: बोर्डच्या डाव्या वरच्या कोपऱ्याला तो घट्ट बसवा, डाव्या बाजूला एक आडवी रेघ मारा, पट्टी न फिरवता ड्राफ्टर उजवीकडे सरकवा आणि तीच रेघ पुढे वाढवा. सांधा दिसला तर स्क्रू आवळा. तरीही दिसला तर परत करा. पेन्सिली तीन लागतात: कन्स्ट्रक्शनला २एच, आउटलाइनला एच, अक्षरं आणि आकड्यांना एचबी. सगळं एकाच एचबीने काढलं की शीट तळहाताने काळी होते आणि आउटलाइन व कन्स्ट्रक्शन लाइन यांतला फरक दिसत नाही. त्या फरकाला मार्क असतात.

एक आकृती जवळून बघू. ५० मिमी व्यासाच्या वर्तुळाचा इनव्होल्युट, म्हणजे वर्तुळावर गुंडाळलेला दोरा ताणून धरत सोडवला तर त्याच्या टोकाचा मार्ग. दोऱ्याची लांबी वर्तुळाच्या परिघाइतकी, म्हणजे १५७ मिमी. वर्तुळाचे १२ भाग ३०-३० अंशांनी सहज होतात. १५७ चे १२ भाग करताना गडबड होते. एक भाग १३.०८ मिमी. पट्टीवर १३.०८ दिसत नाही, म्हणून मुलं १३ घेतात. बारा वेळा १३ म्हणजे १५६. शेवटचा बिंदू एक मिमी आधीच संपतो आणि वळण शेवटी आत मुडपल्यासारखं दिसतं. कंपासमध्ये १३ मिमी धरून टिचक्या मारत गेलं तर चूक आणखी वाढते, कारण प्रत्येक टिचकीला पेन्सिलच्या जाडीची भर पडते. यावरचा उपाय शाळेतलाच आहे. १५७ च्या रेषेच्या टोकापासून कोणत्याही लघुकोनात दुसरी रेघ काढा, तिच्यावर १०-१० मिमीचे १२ भाग पाडा, बारावा बिंदू मूळ रेषेच्या टोकाला जोडा आणि बाकीच्या बिंदूंतून त्या रेघेला समांतर रेघा आणा. मूळ रेषेचे नेमके १२ सारखे भाग होतात, भागाकार करावाच लागत नाही. दुसरी चूक स्पर्शिकेच्या दिशेची. दोरा घड्याळाच्या दिशेने सुटतोय की उलट, हे ठरवून सगळ्या बारा स्पर्शिका एकाच बाजूला काढायच्या. एक जरी उलट गेली तरी वक्राला कुबड येतं. बारा बिंदू आले की ते फ्री हँड आधी अगदी फिकट जोडा, मग गडद करा.

प्रोजेक्शनमध्ये, म्हणजे वस्तू वेगवेगळ्या बाजूंनी कशी दिसते ते काढताना, आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत चालते. एक्सवाय या आडव्या संदर्भरेषेच्या वर फ्रंट व्ह्यू, खाली टॉप व्ह्यू, आणि डावीकडून बघितलेला साइड व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या उजव्या हाताला. हे उलटं वाटतं म्हणून पाठ करू नका. वस्तू तुमच्या आणि भिंतीच्या मध्ये आहे आणि तिची सावली पलीकडच्या भिंतीवर पडते, एवढं मनात धरलं की पुरे. इंटरनेटवरचे बरेच अमेरिकन व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात. ते बघून आलेली मुलं टॉप व्ह्यू वर काढतात आणि अख्खा प्रश्न गमावतात. आयसोमेट्रिकमध्येही, म्हणजे एकाच आकृतीत तिन्ही बाजू दिसतील अशी वस्तू काढताना, असाच एक सापळा आहे. प्रश्नात ‘व्ह्यू’ असेल तर मापं जशीच्या तशी घ्यायची, ‘प्रोजेक्शन’ असेल तर आयसोमेट्रिक स्केलने, म्हणजे ०.८१६ पट. हा एक शब्द न वाचल्यामुळे १०० मिमीची बाजू ८१.६ ऐवजी १०० येते. आकृती सुंदर असते, पण चुकीची.

जीटी, म्हणजे ग्लास ट्रेसिंगबद्दल थोडं. काचेवर मित्राची शीट, वर आपली कोरी, खाली ट्यूबलाइट किंवा मोबाईलचा टॉर्च, आणि रात्री दोन वाजता ट्रेसिंग. जीटी मारू नका असं सांगून कुणी थांबत नाही. पण तपासणाऱ्याला ती कशी कळते हे सांगतो: शीटवर कंपासच्या टोकाचं भोक नसतं. वर्तुळ आहे, पण केंद्रात टोचल्याची खूण नाही, असं वर्तुळ कंपासने काढता येत नाही. बरं, भोकही पाडलं, तरी जीटीतून रेघ मिळते, रेघांचा क्रम मिळत नाही. परीक्षेत कोऱ्या शीटवर तोच लागतो. सहा-सात शीट्सपैकी वेळेअभावी एखादी मारायचीच असेल तर प्रोजेक्शन ऑफ लाइन्सची मुळीच मारू नका. तिथे क्रमच सगळं काही आहे.

वर्कशॉपला सगळ्यांना वाटतं की वेल्डिंग अवघड आणि फिटिंग कंटाळवाणं. खरं तर बहुतेक जॉब फिटिंगमध्ये वाया जातात. एमएसची (माइल्ड स्टीलची) पाच-सहा मिमी जाडीची पट्टी, तिचे दोन तुकडे एकमेकांत बसले पाहिजेत: एकाला जीभ, दुसऱ्याला खाच. आधी एक कड कानशीने सपाट करायची, मग शेजारची कड तिला काटकोनात. गुण्या लावून उजेडाकडे धरलं की फट दिसते. बहुतेकांची कड मध्ये फुगीर होते. कानस पुढे जाताना सुरुवातीला पुढच्या हातावर जास्त दाब हवा आणि शेवटी मागच्या हातावर. दोन्ही हातांनी सारखाच दाब ठेवला की कानस सी-सॉसारखी डोलते आणि दोन्ही टोकं खाल्ली जातात. कानस कापते फक्त पुढे जाताना, परत आणताना दाबलं तर दातेच बोथट होतात. दात्यांत लोखंडाचा किस अडकून पृष्ठभागावर ओरखडे पडत असतील तर कानशीला खडू चोळा.

मार्किंगच्या आधी पट्टीला खडू किंवा चुना लावतात, म्हणजे स्क्रायबरची रेघ उठून दिसते. त्या रेघेवर पंचाचे ठिपके मारायचे. हॅकसॉचं ब्लेड दाते पुढच्या बाजूला करून बसवायचं आणि रेघेवर कापायचं नाही. टाकाऊ भागाच्या बाजूने एक मिमी सोडून कापायचं आणि तो मिमी कानशीने काढायचा. रेघेवरच कापलं की खाच अर्धा-एक मिमी मोठी होते, आणि लोखंड परत वाढवता येत नाही. कोपऱ्यात कानस चालवताना तिची बिनदात्याची कड जीभेकडे ठेवा, नाहीतर तळ घासताना भिंतही झिजते. ॲप्रन आणि बंद बूट नसतील तर आत घेत नाहीत, हे योग्यच आहे. ग्राइंडरची ठिणगी चपलेतल्या पायावर पडल्यावर मग पटवून द्यावं लागत नाही.

फिजिक्सच्या लॅबमध्ये न्यूटन्स रिंग्जला, म्हणजे लेन्स आणि काचेच्या मध्ये दिसणाऱ्या उजळ-काळ्या रिंगा मोजण्याच्या प्रयोगाला, दीड तास रिंगा शोधण्यात जातो. सोडिअम लॅम्प आल्याबरोबर चालू करा. तो पूर्ण पिवळा व्हायला पाच-दहा मिनिटं घेतो. मधला ठिपका काळा यायला हवा. उजळ दिसला तर लेन्स आणि काचेत धूळ आहे, मऊ कापडाने पुसा. त्यानंतरची खरी चूक मायक्रोस्कोपच्या स्क्रूची. स्क्रू आणि नट यांत थोडी सैल जागा असते, त्यामुळे दिशा बदलली की स्क्रू फिरतो पण मायक्रोस्कोप जागचा हलत नाही. यालाच बॅकलॅश म्हणतात. म्हणून विसाव्या रिंगेपासून सुरू करायचं असेल तर बाविसाव्यापर्यंत जा, तिथून परत फिरा आणि डावीकडच्या विसाव्यापासून उजवीकडच्या विसाव्यापर्यंत एकाच दिशेने जात रीडिंग घ्या. एखादी रिंग हुकली तर मागे येऊन ‘ॲडजस्ट’ करू नका.

रिंगा मोजताना पहिलीला दुसरी म्हटलं आणि सगळीकडे तोच फरक राहिला तर काही बिघडत नाही. कारण आपण व्यासाच्या वर्गाचा आलेख काढून त्याचा स्लोप घेतो, आणि सगळे आकडे एकने सरकले तरी स्लोप तोच राहतो. मध्येच एक रिंग सुटली तर मात्र आलेखाची रेषा तिथे मोडते. लेन्सची वक्रता त्रिज्या १०० सेंमी आणि सोडिअमची तरंगलांबी ५८९३ अँगस्ट्रॉम धरली तर व्यासाचा वर्ग दर रिंगेमागे साधारण ०.०२३६ चौरस सेंमीने वाढला पाहिजे. हे लॅबमध्येच कॅल्क्युलेटरवर बघून घ्या. घरी जाऊन कळलं तर पुढच्या बाकावरचे आकडे उतरवण्याची पाळी येते, आणि दोन जर्नलांत तिसऱ्या दशांशापर्यंत तेच आकडे हे कुणाच्याही डोळ्यांत भरतं.

इलेक्ट्रिकल लॅबचा नियम एकच: जोडणी सप्लाय बंद ठेवून, मग सरांना दाखवून, मग चालू. ॲमीटर सीरिजमध्ये, व्होल्टमीटर पॅरलल. ॲमीटरचा रोध जवळजवळ शून्य असल्यामुळे तो पॅरलल लावला की थेट शॉर्ट होतो आणि फ्यूज जातो. ऱ्होस्टॅट सीरिजमध्ये असेल तर सुरुवातीला पूर्ण रोधावर ठेवा. पोटेन्शिअल डिव्हायडर म्हणून असेल तर शून्य व्होल्टेजच्या टोकाला. ट्रान्सफॉर्मरच्या शॉर्ट सर्किट टेस्टला डिमरस्टॅट (व्होल्टेज कमी-जास्त करणारं यंत्र) शून्यावर आहे ना, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आधीच्या बॅचने तो वरच सोडलेला असतो, आणि त्या टेस्टमध्ये पूर्ण करंट वाहायला रेटेड व्होल्टेजचा अगदी थोडा भाग पुरतो.

एम-वनमध्ये, म्हणजे पहिल्या सेमच्या गणितात, सीईटीची सवय सर्वांत महाग पडते. फुरिअर सिरीज घ्या. एक्स गुणिले साइन एक्स, शून्य ते दोन पाय (२π). सूत्रात टाकून कोसाइनच्या पदाचा गुणक एएन येतो २ भागिले (एन वर्ग वजा १). सगळे इथे खूश होतात आणि सिरीज लिहून मोकळे होतात. पण एनची किंमत १ असेल तर छेद शून्य होतो, म्हणजे हे सूत्र पहिल्या पदाला लागूच नाही. ए-वन वेगळं इंटिग्रेट करावं लागतं आणि ते येतं उणे अर्धा. साइनच्या पहिल्या पदाचा गुणक बी-वनही वेगळा काढावा लागतो, तो येतो पाय (π); बाकीचे सगळे बी शून्य. हे दोन वेगळे इंटिग्रल नसतील तर दीड पान बरोबर लिहूनही निम्मे मार्क जातात. छेदात ‘एन वर्ग वजा काहीतरी’ दिसलं की पेन थांबलं पाहिजे. टेलर सिरीजमध्येही असंच: साइन ४६ अंश काढताना एच, म्हणजे ४५ च्या वरची वाढ, १ घ्यायची नाही, ०.०१७४५ रेडिअन घ्यायची. एच १ घेऊन पहिली दोन-तीन पदं मिळवणाऱ्यांचं उत्तर एकच्या वर जातं, तरी साइनची किंमत एकच्या वर कशी, असा प्रश्न त्यांना पडत नाही.

सरावाची पद्धत बदला एवढंच सांगणं आहे. सोडवलेलं उदाहरण वाचणं म्हणजे सराव नव्हे. वही बंद करून, प्रत्येक ओळीत सूत्र कोणतं वापरलं ते लिहीत, आठवड्याला एका युनिटची आठ-दहा उदाहरणं सोडवली तरी पुरतात.

प्रोग्रॅमिंगला घरी संगणक नसलेल्या मुलांची दमछाक होते, पण पहिल्या सेमपुरतं मोबाईलवरच्या ऑनलाइन कंपायलरवर भागतं. पायथनमध्ये इनपुटमधून आलेला आकडा हा आकडा नसतो, मजकूर असतो. त्यामुळे ५ आणि ३ ची बेरीज ५३ येते. त्याचं आधी इंटमध्ये रूपांतर करायचं. ओरलला हा प्रश्न विचारतातच.

ओरलची भीती मराठी माध्यमाच्या मुलांना जास्त, आणि ती निम्मी तरी अनाठायी आहे. परीक्षक व्याकरण तपासत नाहीत. प्रत्येक प्रॅक्टिकलमागे चार गोष्टी इंग्रजीत तोंडपाठ असाव्यात: व्याख्या, सूत्र, युनिट आणि चुकीचं कारण. बाकीचं मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं तरी चालतं. लेक्चरमधल्या शब्दांची वेगळी वही ठेवली की दिवाळीपर्यंत कान सरावतो.

परीक्षेचा पॅटर्न इथे दर तीन ते पाच वर्षांनी बदलतो: २०१२, २०१५, २०१९, २०२४. त्यामुळे सीनिअरचा सल्ला घेताना आधी त्याचा पॅटर्न विचारा. २०१९ च्या पॅटर्नला इनसेम (सेमच्या मधली परीक्षा) ३० मार्कांची, पहिल्या दोन युनिटांवर, आणि एन्डसेम (सेमच्या शेवटची) ७० ची, उरलेल्या चारांवर होती. २०२४ ला ते ३० मार्क कॉलेजमधल्या सततच्या मूल्यमापनाकडे गेले. म्हणजे आता ते तीन महिन्यांत थोडेथोडे कमवायचे असतात, एका रात्रीत मिळत नाहीत. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तरी बहुतेकांचं वर्ष वाचतं. जुन्या पॅटर्नला पुढे जायला पहिल्या वर्षाची निम्मी क्रेडिट्स लागत. पण राहिलेला एम-वन तिसऱ्या सेमच्या एम-थ्रीबरोबर सोडवणं म्हणजे दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी घेऊन जिना चढणं आहे.

सबमिशनचा आठवडा वाईट जातो तो लिखाणामुळे नव्हे, सह्यांमुळे. जर्नल पूर्ण असतं, पण तारखेच्या तारखेला चेक करून घेतलेलं नसतं. शेवटच्या दिवशी एका केबिनबाहेर ऐंशी मुलं उभी असतात. प्रॅक्टिकल झालं की पुढच्या टर्नला सही, एवढंच पथ्य. हजेरी ७५ टक्क्यांच्या खाली गेली की डिफॉल्टर लिस्टला नाव लागतं आणि घरी फोन जातो.

राहण्याचं थोडक्यात. कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतल्या एका कॉटच्या भाड्यावर, जागा घेताना ॲग्रीमेंट ११ महिन्यांचं असतं. डिपॉझिट परत मिळण्याची अट लेखी घ्या. रविवारी रात्री बहुतेक मेस बंद असतात, त्या जेवणाची सोय आधीच बघा. रॅगिंगविरोधी प्रतिज्ञापत्र प्रवेशावेळी भरून घेतात, ते नुसतं कागदी नाही: महाराष्ट्रात १९९९ पासून याचा स्वतंत्र कायदा आहे आणि १८००-१८०-५५२२ ही हेल्पलाइन चोवीस तास चालू असते.

दुसऱ्या सेमला ग्रुप बदलतात. फिजिक्सवाले केमिस्ट्रीला जातात आणि केमिस्ट्रीवाले फिजिक्सला, त्यामुळे जर्नल आणि नोट्सची अदलाबदल वर्गातल्या वर्गात होते. एप्रन धुऊन ठेवा, तो पुन्हा लागतो. आणि उन्हाळ्यात ज्युनिअर कितीही मागे लागले तरी ग्राफिक्सचा निकाल लागेपर्यंत मिनी ड्राफ्टर विकू नका.